दाढ काढली, कळ तिथेच राहिली

पत्राचा सारांश: मी ५७ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दीड वर्षापूर्वी उजव्या गालात, वरच्या दाढेच्या जागी विजेचा झटका बसावा तशी कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली. मग ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. दात घासताना, तोंड धुताना, पहिला घास चावताना, वर्गात बोलायला तोंड उघडलं की, नाकपुडीशेजारच्या एका ठिपक्याला टॉवेल लागला की. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी फरक पडला नाही. आधी रूट कॅनाल झालं, मग ती दाढ काढली, पुढे शेजारचीही काढली. प्रत्येक वेळी काही आठवडे बरं वाटलं आणि कळ परत आली. तिसरी दाढ काढायला गेले तेव्हा दंतवैद्यांनी नकार दिला आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ असं निदान करून कार्बामाझेपिनच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत कळा जवळजवळ थांबल्या. पण दिवसभर गुंगी असायची, आणि पाकिटातल्या कागदावर हे फिट येणाऱ्यांचं औषध असल्याचं वाचून मी घाबरले. मला फिट येत नाहीत. सवय लागेल या भीतीने दोन-तीन आठवड्यांत गोळ्या आपणहून बंद केल्या. आता कळा पुन्हा सुरू झाल्या आहेत. एमआरआय सांगितला होता, तो केलेला नाही. कुणीतरी मेंदूच्या ऑपरेशनचं बोललं, तेव्हापासून झोप उडाली आहे. एरवी मी ठणठणीत दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं मी वाढवून सांगते. तिसरी दाढ दुसरीकडे जाऊन काढून घेऊ, की जमेल तितकं सहन करू? कधी कधी वाटतं, यापेक्षा...

प्रिय ताई,

पत्राचं शेवटचं वाक्य तुम्ही अर्धवट सोडलं आहे. आधी त्याबद्दलच बोलते, बाकीचं थोडं थांबू शकतं. ही कळ इतकी जबर असते की ती सोसणारी कितीतरी माणसं जीव नकोसा झाल्याचं सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तसा विचार मनात येऊन गेला असेल तर घरातल्या एका माणसाला आजच स्पष्ट शब्दांत सांगा, आणि डॉक्टरांनाही सांगा. तो वारंवार येत असेल, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं डोक्यात घोळत असेल, तर एकट्या राहू नका. सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करा. तुमच्या दुखण्यावर उपाय आहेत, एकाहून जास्त आहेत, आणि त्यातला पहिलाच तुम्हाला चार दिवसांत लागू पडला होता. पत्रात ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. माझ्या दृष्टीने सबंध पत्रातली सर्वांत महत्त्वाची बातमी तीच आहे.

आता दाढेचं. तिसरी दाढ काढू नका. ज्या दंतवैद्यांनी नकार दिला त्यांनी तुमच्यावर उपकार केले आहेत. निरोगी दाढ काढून मोकळं होता येत असतं तर पहिल्या दोन दाढांनीच तुम्ही मोकळ्या झाल्या असता.

तुमच्या मनात जे पक्कं बसलं आहे ते अगदी स्वाभाविक आहे: जिथे दुखतं तिथेच बिघाड असणार. बोटाला काटा लागला की बोटच दुखतं, हा आपला जन्मभराचा अनुभव. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तो दगा देतो. गाल, ओठ, हिरड्या, दात, कपाळ या सगळ्या भागांतल्या संवेदना मेंदूकडे नेणारी एकच मोठी नस प्रत्येक बाजूला असते. तिला ट्रायजेमिनल म्हणतात. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी. कवटीतून बाहेर पडताना तिच्या तीन शाखा होतात: एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. तुमच्या वरच्या दाढांची खबर दुसऱ्या शाखेतून जाते. बिघाड मात्र खूप आत, ही नस मेंदूच्या देठाला जिथे जोडलेली असते त्या जागी असतो. बहुतेक रुग्णांमध्ये तिथे एखादी रक्तवाहिनी नसेला चिकटून, तिच्यावर दाब देत असते. रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला धडधडते, आणि वर्षानुवर्षांच्या त्या दाबाने नसेवरचं मायलिन नावाचं आवरण त्या ठिकाणी झिजतं. वायरचं प्लास्टिक निघालं की दोन तारा एकमेकींना चिकटून ठिणगी उडते, तसं इथे स्पर्शाची खबर नेणारे तंतू आणि वेदनेची खबर नेणारे तंतू यांची सरमिसळ होते. गालावरून साधा वारा गेला तरी मेंदूला तो भयंकर कळ म्हणून कळतो. मेंदूला वाटतं दाढच दुखते आहे, कारण ती तार दाढेकडून आलेली आहे. दाढ उपटली तरी तार जागच्या जागी राहते.

मग दाढ काढल्यावर काही आठवडे बरं का वाटलं? हा प्रश्न तुम्हाला आतून पोखरत असणार, कारण ‘काहीतरी फरक पडला होता’ हीच तिसऱ्या दाढेची आशा आहे. या आजाराचा स्वभावच असा आहे की कळा काही दिवस-आठवडे धुमाकूळ घालतात आणि मग आपणहून शांत होतात, कधी महिन्यांसाठी, सुरुवातीच्या काळात तर कधी वर्षांसाठीही. माणूस दंतवैद्याकडे धाव घेतो ते कळा टिपेला पोचल्यावर, आणि टिपेनंतर उतार यायचाच असतो. श्रेय दाढ काढण्याला मिळतं. जगभर या आजाराच्या रुग्णांचे चांगले दात असे गेलेले आहेत, तेव्हा तुम्ही काही वेडेपणा केलात असं मुळीच समजू नका. सुरुवातीला दंतवैद्याकडे जाणं बरोबरच होतं.

दाताचं दुखणं आणि ही कळ यांतला फरक जवळून पाहिला तर बराचसा दिसतो. दाढ किडलेली असते तेव्हा माणूस तळहाताने गाल दाबून धरतो, शेक घेतो. दुखणं ठणकत राहतं, गार पाणी लागल्यावर बराच वेळ रेंगाळतं, रात्री झोपू देत नाही. ट्रायजेमिनलचा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा बोट गालापाशी नेतो आणि दोन बोटं अंतरावर थांबवतो. दाखवतो, पण टेकवत नाही. टेकवलं तर काय होईल ते त्याला ठाऊक असतं. कळ क्षणार्धाची ते फार तर दोन मिनिटांची असते, गेली की पूर्ण जाते, आणि गाढ झोपेत सहसा येत नाही. तुमच्या पत्रात नाकपुडीशेजारच्या एका ठिपक्याचा उल्लेख आहे, तिथे टॉवेल लागला की कळ सुटते. असे ठिपके या आजारात इतके नेहमीचे आहेत की नुसतं ते ऐकूनही डॉक्टरांचे कान टवकारतात. निदान मुख्यतः रुग्णाच्या तोंडच्या हकिगतीवरच होतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानावर शिक्का मारणं माझं काम नाही, पण तुमची हकिगत तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या निदानाशी चांगली जुळते.

आता त्या ‘फिटच्या गोळी’कडे येऊ. ताई, गोळीवर कोणत्या आजाराचं नाव आहे ते पाहू नका, ती शरीरात काय करते ते पाहा. नसेतून संदेश जातो तो सोडियमचे सूक्ष्म दरवाजे उघडल्यामुळे. कार्बामाझेपिन ज्या नसा वारंवार, अतिवेगाने संदेश सोडत असतात त्यांचे हे दरवाजे लवकर उघडू देत नाही. मेंदूत असा अतिवेग झाला की फिट येते, ट्रायजेमिनल नसेत झाला की कळ येते. म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालतं. चेहऱ्याच्या या कळेवर ते लागू पडतं हे १९६२ साली प्रसिद्ध झालं, आणि आजही जगभरात पहिलं औषध म्हणून तेच दिलं जातं. तुम्हाला फिट येतात असा त्याचा अर्थ नाही, पुढे येतील असाही नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, हे तुम्ही अनुभवलंच आहे. अफूवर्गातली जबर वेदनाशामकंही या कळेवर फारशी चालत नाहीत.

सवयीची भीतीही जरा तपासून पाहू. सवय म्हणजे ज्या पदार्थाची ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते. या गोळीने तसं होत नाही. एक गोष्ट मात्र होते आणि ती आधीच सांगून ठेवलेली बरी: सुरू केल्यावर काही आठवड्यांत यकृत हे औषध जास्त वेगाने निकालात काढू लागतं. त्यामुळे सुरुवातीला पुरत असलेला डोस महिनाभराने अपुरा वाटू शकतो. रुग्णाला वाटतं औषध निकामी झालं, किंवा व्यसन लागलं. दोन्ही खरं नाही. डॉक्टर डोस थोडा वाढवतात आणि गाडी पुन्हा रुळावर येते. ही गोळी कायमचीच असते असंही नाही. बराच काळ कळ आली नाही तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवून बघतात. उतरवायचा तो हळूहळू. एकदम बंद केल्याने कळा उसळून येतात, तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं.

तरी तुमची गुंगीची तक्रार खरी आहे आणि ती ऐकून घ्यायला हवी होती. गुंगी, चक्कर, चालताना तोल जाणं, वस्तू दोन-दोन दिसणं, मळमळ हे या औषधाचे नेहमीचे त्रास. डोस वेगाने चढवला तर ते जास्त होतात. दिवसाला १०० ते २०० मिलीग्रॅमपासून सुरुवात करून दर काही दिवसांनी थोडं थोडं वाढवत नेणं ही नेहमीची रीत आहे, आणि कळ आटोक्यात ठेवणाऱ्या सर्वांत कमी डोसवर थांबायचं असतं. हळूहळू सुटणाऱ्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्याही मिळतात, त्यांनी गुंगीचे चढउतार कमी होतात. तरीही सोसत नसेल तर ऑक्सकार्बाझेपिन हे त्याचंच भावंड आहे. ते बऱ्याच जणांना अधिक मानवतं, फक्त रक्तातलं सोडियम उतरवण्याचा त्याचा कल जास्त असतो. पुढे लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी औषधं आहेत, एकटी किंवा जोडीने. म्हणजे ‘गोळी सोसत नाही’ यानंतरचं पाऊल ‘गोळी बंद’ असं नसून ‘डॉक्टरांना फोन’ असं आहे.

घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील, त्या जुन्याच डोसने आपणहून पुन्हा सुरू करू नका. मधे खंड पडला आहे, चढण पुन्हा पायथ्यापासून चढायची की कशी, ते डॉक्टर ठरवतील.

या औषधाबाबत काही गोष्टींत मी अजिबात ढिलाई करणार नाही, आणि हे पत्र वाचणाऱ्या, हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाने त्या मनावर घ्याव्यात. अंगावर पुरळ उठलं, सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, घसा दुखणं, कातडी सोलवटणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची त्वचेची एक गंभीर प्रतिक्रिया यात क्वचित होते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना तिचा धोका बराच जास्त असतो, आणि तो मुख्यतः आशियाई वंशाच्या लोकांत सापडतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये अशा वंशाच्या रुग्णांची आधी रक्तचाचणी करण्याची सूचना दिली. तुमची ती चाचणी झाली होती का, हे विचारा. शिवाय रक्तपेशी, यकृताचं काम आणि सोडियम यांच्या तपासण्या सुरुवातीला आणि मधून मधून हव्यात. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या अशा कितीतरी औषधांचा प्रभाव कार्बामाझेपिनमुळे कमी होतो, तेव्हा कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हे नाव आधी सांगा. गुंगी आहे तोवर गाडी चालवू नका.

एमआरआय तुम्ही टाळता आहात. तो कशासाठी, हे कुणी नीट सांगितलं नसावं. एक म्हणजे, क्वचित या कळेमागे गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं मायलिन झिजवणारा) आजार असतो, तो आहे की नाही हे कळायला हवं. चाळिशीच्या आत सुरू झालेली कळ, दोन्ही बाजूंना येणारी कळ, गालाला बधिरपणा, त्याच बाजूने ऐकू कमी येणं, औषधाला अजिबात दाद न देणं, अशा वेळी डॉक्टर या शक्यता अधिक कसून पाहतात. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. दुसरं म्हणजे, पातळ थरांच्या खास चित्रांत नस आणि तिच्यालगतची रक्तवाहिनी दिसू शकते. पण अहवालात रक्तवाहिनी चिकटलेली दिसली नाही म्हणून तुमची कळ खोटी ठरत नाही, आणि ज्यांना कधीच कळ आली नाही अशांच्या चित्रांतही रक्तवाहिनी चिकटलेली दिसते. अहवाल घरी वाचून निष्कर्ष काढू नका, ज्यांनी तुम्हाला तपासलं त्यांच्यासोबत वाचा. यंत्रात बराच वेळ डोकं न हलवता पडून राहायचं असतं. मधेच कळ आली तर काय करायचं, ही धास्ती असेल तर तसं तंत्रज्ञांना आधी सांगा. हातात दाबायला घंटी देतात.

आणि ऑपरेशन. ‘मेंदूचं ऑपरेशन’ हे शब्द कानावर पडले की पोटात गोळा येणारच. पण ते आज तुमच्यासमोर उभंच नाही. औषध नीट, पुरेशा डोसने, पुरेसा काळ घेऊन पाहिलंय कुठे? तरीही माहिती आत्ताच घेऊन ठेवा असं मी आवर्जून सांगेन, कारण मला या बाबतीत एक वेगळीच चूक दिसते. लोक ऑपरेशनला अगदी शेवटची, सगळं हरल्यावरची गोष्ट मानतात आणि वर्षानुवर्षं औषधांचे डोस वाढवत गुंगीत जगतात. औषधाने कळ थांबत नसेल, किंवा थांबते पण त्यासाठी लागणारा डोस सोसत नसेल, तर न्यूरोसर्जनचं मत घेण्याची वेळ तीच. मत घेणं म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे.

पर्याय दोन वाटांचे आहेत. पहिल्या वाटेने दाबाचं मूळच दूर करतात. १९६७ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी या कळेच्या रुग्णांत मेंदूच्या देठाजवळ नसेवर धमनीचा दाब असल्याचं मांडलं, आणि तो दाब काढण्याची शस्त्रक्रिया पुढे रूढ केली. पूर्ण भूल देऊन कानामागे कवटीला लहानसं छिद्र घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली नसेपर्यंत पोचतात, तिच्यावर टेकून धडधडणारी रक्तवाहिनी अलगद बाजूला करतात आणि दोघींच्या मधे टेफ्लॉनच्या तंतूंची बारीक गादी ठेवतात. नस कापत नाहीत. मेंदू चिरत नाहीत, त्याच्या कडेने जातात. मोठ्या अभ्यासांत दहा वर्षांनंतरही साधारण ७० टक्के रुग्ण कळेपासून मुक्त आढळले आहेत. जोखीम आहे: त्या बाजूचं ऐकू जाणं, मेंदूभोवतीचं पाणी पाझरणं, जंतुसंसर्ग, आणि अगदी क्वचित पक्षाघात किंवा मृत्यू. म्हणूनच हे काम नेहमी करणाऱ्या शल्यविशारदांना विचारायचं, आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे निकाल काय आहेत हेही निःसंकोच विचारायचं.

दुसऱ्या वाटेने नसेलाच थोडं क्षीण करतात. गालातून सुई घालून उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा इवल्याशा फुग्याच्या दाबाने. किंवा सुईशिवाय, किरणांचा झोत नेमका नसेच्या मुळावर टाकून, ज्याला गॅमा नाइफ म्हणतात. ही कामं वयस्कर किंवा मोठी भूल न पेलणाऱ्या रुग्णांनाही करता येतात. किरणांचा गुण यायला आठवडे ते महिने लागतात, सुईच्या उपायांचा सहसा लगेच येतो. बदल्यात चेहऱ्याचा तो भाग कमी-अधिक बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परतण्याची शक्यता पहिल्या वाटेपेक्षा जास्त असते. फार क्वचित बधिर भागातच सतत जळजळणारं दुखणं मागे उरतं आणि ते आवरायला कठीण असतं. डॉक्टर हे सांगायला विसरले तर तुम्ही विचारा.

घरच्यांबद्दल मला थोडं त्यांच्या बाजूनेही बोलू द्या. सूज नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, आणि पाच मिनिटांपूर्वी कळवळणारं माणूस आता नेहमीसारखं काम करतं आहे. न पाहिलेल्याला हे पटायला जड जातं. त्यांना पटवण्यासाठी भांडू नका, पुढच्या भेटीला एकाला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तोवर एक वही करा. मोठं काही लिहायचं नाही. ‘सकाळी सव्वासात, तोंड धुताना, गाल ते वरचा ओठ, पाच सेकंद, दहापैकी नऊ. गोळी सातला घेतली होती.’ एवढंच. ही वही डॉक्टरांना डोस ठरवायला उपयोगी पडते, आणि घरच्यांच्याही नजरेस पडू द्या. तुम्ही दात घासायचं टाळता, जेवण अर्धवट टाकता, फोन उचलत नाही, हे त्यांना कदाचित हट्ट किंवा अबोला वाटत असेल. हे सगळं त्या एका ठिपक्याला जपण्यासाठी आहे, असं एकदा शांतपणे सांगा.

औषधाने जम बसेपर्यंत रोजच्या दिवसाला थोडी डागडुजी करता येईल. गोळी ठरलेल्या वेळी घ्या, आणि दात घासणं, जेवण, अंघोळ ही कामं तिचा असर चढलेल्या वेळेत ठेवा. किती वेळाने सर्वांत बरं वाटतं ते वहीतूनच उमजेल. पाणी कोमट वापरा. टॉवेलने पुसू नका, हवेवर वाळू द्या. मऊ ब्रश घ्या, पण दात घासणं सोडू नका. या आजारात लोक भीतीने ती बाजू स्वच्छच करत नाहीत आणि मग खरोखरचा किडका दात होतो, दाताचं आणि नसेचं दुखणं एकमेकांत गुंततं. मऊ, कोमट अन्न, दुसऱ्या बाजूने चावणं, झोंबरा वारा असेल तेव्हा चेहऱ्याला सैल कापड. कित्येक रुग्णांना एक मोठी कळ येऊन गेल्यावर थोडा वेळ शांततेचा मिळतो, त्यात दोन घास पोटात जातात. वर्गात छोटा माइक मागून घ्या, जबडा कमी उघडावा लागतो. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र देऊन काही आठवडे सलग तासिका नकोत असं सांगा. मुलांनाही सांगायला हरकत नाही की बाईंच्या गालाची नस दुखते, म्हणून बाई मधेच थांबतात.

इतर वाचकांसाठी थोडं. हा आजार विरळा आहे, वर्षाला लाखात साधारण ४ ते १३ नवे रुग्ण, त्यामुळे गाल दुखला की हेच असेल असं धरून चालू नका. दात, सायनस, जबड्याचा सांधा यांची दुखणी कितीतरी जास्त आढळतात. नागीण येऊन गेल्यावर त्याच जागी उरणारी जळजळ वेगळी, तिचे उपचार वेगळे. चेहरा एका बाजूने लुळा पडणं हा दुसऱ्याच, सातव्या नसेचा प्रश्न आहे, त्यात कळेपेक्षा अशक्तपणा मुख्य असतो आणि उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. चेहरा एकाएकी वाकडा झाला, सोबत हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात समजून तातडीने रुग्णालयात जावं. आणि पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, केस विंचरताना डोकं दुखतं, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, असं असेल तर दिवस घालवू नका. कानशिलाच्या धमनीचा दाह वेळेत न ओळखल्यास दृष्टी जाऊ शकते.

ताई, तुम्ही दोनच वाटा लिहिल्या आहेत, दाढ काढणं किंवा सहन करणं. यातली कुठलीच घ्यायची गरज नाही. दुखणं अंगावर काढल्याने नस मजबूत होत नाही. उद्या सकाळी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. गोळ्या आपणहून थांबवल्या हे लपवू नका, त्यांना असे रुग्ण रोज भेटतात. गुंगी किती होती, दिवसाच्या कोणत्या वेळी होती, ते सांगा. डोस हळू चढवता येईल का, दीर्घकाळ चालणारी गोळी किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालेल का, जनुकाची आणि सोडियमची तपासणी कधी करायची, रात्री-अपरात्री पुरळ उठलं तर कुणाला फोन करायचा, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. एमआरआयची तारीख त्याच फोनवर मागून घ्या. आणि बोलताना कळ येत असेल तर हा फोन घरातल्या कुणालातरी करायला लावा.